काळीतली पांढरी

केनवडच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेला आमचं एक शेत आहे. त्याच्या वाटेकडच्या कोपऱ्यात मातीचा रंग अजूनही वेगळा दिसतो. बाकी सगळं रान काळंभोर, आणि तेवढ्याच तुकड्यावर राख सांडल्यासारखी फिकट माती. नवीन माणूस विचारतो, इथं काय होतं? घरातली पोरं सांगतात, काही नाही, गढीची माती टाकली होती. पोरं खोटं बोलत नाहीत, तरी मला त्यांचा राग येतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

आमच्याकडे जमिनीचे प्रकार मोजके. गाव जिच्यावर बसतं ती पांढरी, पीक जिच्यात येतं ती काळी. पांढरीत नांगर घालत नाहीत आणि काळीत घर बांधत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत गाईचा पाय अडकावा. तिच्यावर भिंत उभारली तर भिंतही तिच्याबरोबर फाटते. यांखेरीज होतं ते गायरान. गावाच्या उगवतीला एक मुरमाड उंचवटा होता, कुदळ मारली तर हात झिणझिणावेत असा टणक. पिकाच्या कामाचा नाही, म्हणून तो ढोरांचा. सकाळी गावातली सगळी ढोरं तिथं गोळा व्हायची, मग ढोरकी त्यांना रानात घेऊन जायचा.

मी लग्न होऊन या घरात आले ती जर्मनीबरोबरच्या दुसऱ्या लढाईच्या बऱ्याच आधी. आम्ही माळी. विहिरीखाली थोडा मळा, त्यात वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हे बिनपाण्याचं शेत. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. घरात मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझा नवरा आणि मी. मामाजींना कुणाला नाही म्हणता येत नसे. भाजीच्या पाटीतून जाता जाता कुणी मूठभर मिरच्या उचलल्या तर ते दुसरीकडे बघायचे. मी मात्र त्या मुठीतून परत काढून घ्यायची. मामाजी हसायचे, म्हणायचे, "हे पोरगी माह्या घरात फौजदार म्हनून आली."

मला त्या गावात पहिलं आपलं माणूस भेटलं ते पिंजारीण खाला. नाल्याच्या काठी बुरुडांच्या झोपड्यांना लागून तिची झोपडी होती. नवरा वारला तेव्हा तिनं त्याची कापूस पिंजायची पिंजण स्वतःच्या खांद्यावर घेतली. बाई पिंजण घेऊन दारोदार फिरते म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग थंडी पडली आणि सगळ्यांना रजया भरून पाहिजे झाल्या. माझं पहिलं बाळंतपण तिनंच निभावलं. मी कळांनी ओरडत होते आणि ही मला चिडवत होती, "सूनबाई, तुह्या नाकावर मिरच्या वाळू घालता येईन, एवढी तू तापते."

तिला एकच मुलगी. लग्नाची झाली होती. दिसायला साधी, पण टाका असा घालायची की रजईवर रेघ मारल्यासारखा दिसावा. रिसोडच्या एका पिंजाऱ्याच्या घरून तिला विचारणा आली होती. खाला तेव्हा रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं आमच्या घरी यायची आणि शेवटी बोलणं त्या सोयरिकीवर आणायची. तिला हे एवढंच पाहिजे होतं. पोरगी चांगल्या घरी जावी आणि आपण नवऱ्याच्या कबरीजवळ या गावात राहावं.

भादव्यात एका दुपारी नाला चढला. माणसं वाचली, झोपड्या गेल्या. खालानं पोरीचा हात धरला आणि दुसऱ्या हातात पिंजण. बाकी सगळं वाहून गेलं, मुलीसाठी शिवून ठेवलेल्या रजयांसकट. गावानं त्या सगळ्या घरांना कोंडवाड्यात उतरवलं. पिकात घुसलेली ढोरं जिथं कोंडून ठेवतात त्या आवारात एका बाजूला छप्पर होतं, त्याखाली पिंजारी आणि बुरूड आपापल्या चुली मांडून राहिले. रिसोडहून निरोप आला, पोरगी पसंत आहे, पण घर होऊ द्या, मग येतो. कोंडवाड्यातून सून आणली म्हणून लोक नावं ठेवतील. निरोप आणणारा माणूस मान खाली घालून बोलला. खाला त्याला म्हणाली, "त्याईचं बी बरोबर हाय, बापा." आणि तो गेल्यावर पिंजणीची तार पुसत बसली.

दिवाळीनंतर तहसिलीतून कारकून आला. त्यानं चावडीवर सांगितलं, नाल्याकाठी पुन्हा झोपड्या बांधायच्या नाहीत. सरकार जंगलातलं लाकूड आणि बांबू फुकट देईल, घरावरचा कर काही वर्षं माफ करील, पण जागा गावानं ठरवून द्यावी. जागा म्हणजे गायरानाचा कोपरा, हे न सांगताच सगळ्यांना कळलं. दुसरी मुरमाड जागा गावात होतीच कुठं?

मग जे सुरू झालं ते कित्येक आठवडे चाललं. विहिरीवर तेच, बाजाराच्या वाटेवर तेच. एका ताटात जेवणारे भाऊ त्यावरून भांडले. काही म्हणायचे, माणसं उघड्यावर आणि ढोरं मुरमावर, हे बरं दिसतं का? काही म्हणायचे, गायरान एकदा गेलं की गेलं. आज चार घरं, उद्या चाळीस होतील. काहींच्या मनात वेगळंच होतं, की गावाच्या उगवतीला बुरुडाची आणि पिंजाऱ्याची घरं कशाला? ते मात्र कुणी तोंडानं बोललं नाही. ते लोक ढोरांच्या आड लपून बोलायचे, आणि मला त्यांचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

शेवटी एका सकाळी चावडीवर सगळं गाव बसलं. समोरच्या मारुतीच्या ओट्यावर आम्ही बायका. खाला ओट्याच्या खाली, पायरीजवळ बसली होती. पाटलाच्या दावणीला गावात सगळ्यात जास्त ढोरं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. बैल आजारी पडला तर हा माणूस जेवत नसे. तो उठून म्हणाला, "माणसाले तोंड हाय, तो मांगते. ढोरानं कोनाले मांगाव? गायरान हेच त्याचं घर. तेच तुमी काढून घेतलं, तर त्यानं बसाव कुठी?"

यावर बऱ्याच माना हलल्या. खरं सांगायचं तर बोलला तो चांगलंच. तेवढ्यात खाला उठली. भर चावडीत बाई बोलत नसे, आणि ही तर पिंजारीण. ती हात जोडून म्हणाली, "पाटील, मले बी एखादं ढोरच समजा, अन् कोपऱ्यात बसू द्या."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पाटील म्हणाला, "असं काहून म्हनतं खाला," आणि खाली बसला. ती तशीच हात जोडून उभी. मला वाटलं, आता कुणीतरी 'द्या कोपरा' म्हणेल.

आणि मामाजी उठले. ते सभेत कधी बोलत नसत, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे वळले. ते म्हणाले, "भांडू नोका. गायरान राहू द्या. माह्या शेताचा वाटेकडचा कोपरा मी देतो. फुकट देतो."

काय ती वाहवा झाली! पाटलानं त्यांना मिठी मारली. कारकुनानं माळ्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि त्या उजळलेल्या चेहऱ्यांत मला एकच गोष्ट दिसत होती, की ढोरं वाचली. ती जागा काळी आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तान्ह्या पोराला सोडून सगळ्यांना. मुरूम तिथं इतका खोल की पाया तिथपर्यंत नेणं गरिबाच्या आवाक्यातलं नाही, हेही माहीत होतं. पण दिलेल्या दानात खोट कोण काढणार?

मी घरी येऊन काढली. "मामाजी, काळीत घर उभं राह्यते काय?"

ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "काळीत नाई राह्यत. पन आपुन तठी पांढरी करू. गावानं आपल्या हातानं पांढरी टाकली, तर ते जागा काळी कशी राहीन?"

हे ते मनापासून म्हणत होते. त्यांच्या आज्यानं म्हणे असंच एक गाव बसवलेलं पाहिलं होतं. जुन्या गढीची माती आणून नव्या जागी टाकायची, नारळ फोडायचा, मग ती जागा गावात आली. गढी म्हणजे आमच्या गावातला पांढऱ्या मातीचा ढिगारा, पिढ्यान् पिढ्या तिची माती लोक घराला लावतात. ती मातीच घराची. ती जिथं जाईल तिथं घर टिकेल. मी वाद घातला, मग थांबले. समोरचा माणूस इतका आनंदात असताना किती वाद घालणार?

माघात, तुरी निघाल्यावर, पांढरी टाकायचा दिवस ठरला. त्या दिवसाला मी आजही वाईट म्हणणार नाही. पाटलानं गढीवर नारळ फोडला आणि पहिली टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुढं डफडं वाजत होतं. घरटी एक टोपली ठरली होती, पण लोकांनी मोजलंच नाही. गायरानावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले भाऊ एकामागून एक टोपल्या वाहत होते. आम्ही सुना लुगडी वर खोचून धावत होतो. खालाची पोरगी टोपली ओतून परत धावायची, तिचे केस, भुवया, सगळं पांढरं झालं होतं. मी तिला म्हटलं, "नवरी अशी दिसते काय?" ती लाजली. मग बुरुडांनी ती माती धुमसानं ठोकून अशी बसवली की वर पाय वाजावा. संध्याकाळी काळ्या शेतात तो पांढरा चौक पाहून मलाही वाटलं, झालं, इथं आता घरच उभं राहील. मामाजी त्या चौकाभोवती पुन्हा पुन्हा चालत होते.

होळीपर्यंत घरं उभी राहिली. मातीच्या भिंती, सरकारी लाकूड, बांबूचं छप्पर. खालानं भिंतींना गढीच्या मातीचा हात दिला आणि कोनाड्याला नीळ लावली. पहिल्याच दिवशी तिनं मला हात धरून आत नेलं आणि दार लावून दाखवलं. उघडलं, परत लावलं. "पाह्य," म्हणाली, "आतून लावता येते." कोंडवाड्याला आतून कडी नव्हती. रिसोडला निरोप गेला, घर झालं.

चैत्र संपता संपता शेत फाटायला लागलं. वरची पांढरी जागच्या जागी होती, खालची काळी मात्र आपल्या स्वभावावर गेली. खालाच्या मागच्या भिंतीला आधी केसाएवढी रेघ पडली. मग बोट जाईल एवढी. वैशाखात हात जाईल एवढी झाली. ती भेगेत कापूस कोंबायची आणि वरून मातीचा हात फिरवायची. दोन-तीन दिवसांत कापूस खाली पडायचा आणि ती तो वेचून पुन्हा कोंबायची. मामाजी रोज सकाळी जाऊन ती भेग बघून यायचे. पाणी शिंपडलं तर भेग मिटेल म्हणून त्यांनी मळ्यातून घागरी वाहून भिंतीच्या बुडाशी ओतल्या. इकडं मळ्यात वांगी सुकत होती.

रिसोडची मंडळी आली ती त्याच वैशाखात. खालानं मला मदतीला बोलावलं होतं. मी गेले आणि थबकले. बाहेर आग पडत होती आणि तिनं मागच्या भिंतीवर नवी कोरी रजई टांगली होती. लाल अस्तराची, पोरीच्या हातची. पुरानंतर शिवलेली तेवढी एकच. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "पोरीची कारागिरी दिसली पाह्यजे ना."

पाहुणे बसले. मुलाचे वडील, चुलते आणि आई. पोरीनं सरबत दिलं. मुलाच्या आईनं तिचा हात हातात घेऊन बोटांवरचे सुईचे घट्टे पाहिले आणि मान डोलावली. बोलणं चांगलं चाललं होतं. आणि वारा आला. रजई फुगली, भिंतीपासून सुटली आणि हलत राहिली. बंद घरात भिंतीकडून वारा कसा आला, हा प्रश्न त्या बाईच्या चेहऱ्यावर आधी दिसला. ती उठली, जवळ गेली, रजईचं टोक तिनं दोन बोटांनी उचललं. भेगेतून उन्हाची तिरीप थेट पोरीच्या अंगावर पडली. आणि भेगेच्या पलीकडे, पाहुण्यांसाठी खरबुजं घेऊन येणारे मामाजी चालताना दिसत होते.

ती बाई वाईट बोलली नाही. रजई नीट केली, येऊन बसली, म्हणाली, "काम चांगलं हाय पोरीचं." जाताना चुलते म्हणाले, कळवतो. मामाजी दारात खरबुजं घेऊन उभे होते, त्यांना सगळ्यांनी सलाम केला. त्यानंतर रिसोडहून काहीच कळलं नाही.

आषाढात काळी फुगली आणि ती भिंत बसली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. खाला आणि पोरगी पुढच्या खोपीत होत्या, म्हणून वाचल्या. बुरुडांची घरंही एकामागून एक वाकली आणि ते लोक नात्यागोत्यात पांगले. खालाचा एक भाचा जऊळक्याला स्टेशनवर कापसाच्या गाठी चढवायचा. ती म्हणाली, तिकडं जाते. मामाजींनी गाडी जुंपली आणि स्वतः सोडायला गेले. मी वाटेपर्यंत गेले. मुलीनं ती लाल रजई मला दिली, म्हणाली, "भाभी, तिकडं ठेवाले जागा नाई." आजही ती माझ्याकडे आहे. मी ती कधी पांघरली नाही.

मामाजींनी तो कोपरा बरीच वर्षं नांगरू दिला नाही. पांढरीत नांगर घालत नाहीत, म्हणायचे. घरात त्यांच्यापुढं तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती, माझीसुद्धा. नंतर रान फार माजलं, तेव्हा नवऱ्यानं एका वर्षी त्यांना न विचारता तिथं ज्वारी पेरली. गढीच्या मातीत पिढ्यांची राख आणि शेण. ज्वारी अशी आली की वाटेनं जाणारे लोक गाड्या थांबवून पाहायचे. "काय जवारी हाय हो माळीबुवा!" म्हणायचे, आणि मामाजी तोंड फिरवायचे.

त्याच काळात गायरानाचंही व्हायचं ते झालं. वाशीमच्या एका व्यापाऱ्याला कापूस ठेवायला मुरमाड, पाणी न साचणारी जागा पाहिजे होती. चावडी बसली आणि उठली. दुपारच्या जेवणाआधी सगळं ठरलं. त्या वेळी ढोरांचं नाव कुणी काढलं नाही. उंचवट्यावर टीनाचं लांबलचक गोदाम उभं राहिलं.

ज्वारी कणसात असताना, दिवाळीच्या आधी, खाला आली. खांद्यावर तीच पिंजण. थंडीच्या आधी ती आता गावोगाव फिरायची. मामाजी बांधावर उभे राहून पाखरं हाकत होते आणि मी खाली गवत कापत होते. तिनं पिंजण बांधाला टेकवली आणि सरळ ज्वारीत शिरली. ताटं बाजूला सारत मध्ये जाऊन उभी राहिली. "अठी चूल व्हती," म्हणाली. पुढं सरकली. "अन् अठी दार."

मी पोरीच्या लग्नाचं विचारलं. "देल्ली," म्हणाली. "दूरच्या गावी देल्ली. बिजवर हाय. त्याची लेक हिच्याच वयाची हाय." आणि मग मलाच समजावल्यासारखं, "खायाले भेटते तिले."

मामाजींच्या हातातली गोफण खाली पडली. ते म्हणाले, "बाई, हे जवारी तुही हाय. सारी घेऊन जाय. मी गाडीनं आनून देतो."

"जवारी नोको, दादा," ती म्हणाली. "ठेवू कुठी?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच ठेवायचं कुठं याचा विचार करत होती. मग तिला काहीतरी आठवलं. ती गावाच्या उगवतीकडे हात करून म्हणाली, "येता येता पाह्यलं. तठी टीनाचं मोठं घर दिसून राह्यलं. कोनाचं हाय?"

मामाजी पाखरांकडे वळले. मग म्हणाले, "कापसाचं."

जन्मभर कापूस पिंजलेली बाई. ती त्या गोदामाकडे बघत राहिली, आणि तिनं विचारलं, "मंग ढोरं कुठी बसते आता?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या ढोरांसाठी आपल्याला जागा मिळाली नाही, त्यांची तरी सोय झाली असेल, असं तिला वाटत होतं. मामाजी मटकन बांधावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. खाला ज्वारीतून बाहेर आली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बांधावर बसली, आणि काही वेळानं ती पडलेली गोफण उचलून स्वतःच पाखरं हाकू लागली.